उशाजवळचा मोबाइल

(बेडसे येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज धडा नाही. पाट्या बाजूला ठेवा. आज थोडे बोलायचे आहे. विषय साधाच आहे, झोप.

तुम्ही म्हणाल, झोपेवर काय बोलायचे? ती तर गुरांनाही येते. खरे आहे. गुरांना येते आणि आपल्याला येईनाशी झाली, म्हणून तर बोलायचे. परवा याच वर्गात तिघे जण डुलक्या घेत होते. दिवसभर भातलावणी केलेला माणूस डुलकी घेणारच. त्याला आम्ही कधी रागावत नाही. पण तिघांतला एक म्हणाला, "लावणीचं काय नाय, गुरुजी. रात्री मोबाइल बघत पडलो होतो. दोन कधी वाजले, कळलंच नाय."

तो खरे बोलला. मग आम्हीही खरे बोलले पाहिजे.

आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा मुलाने आम्हाला मोठ्या पडद्याचा मोबाइल आणून दिला. आधी आम्ही बातम्या पाहू लागलो. मग कीर्तने. मग भाताच्या रोगांवरची माहिती. पुढे पुढे काय पाहतो, ते आमचे आम्हालाच कळेना. एक चित्र संपले की दुसरे आपोआप सुरू होते. पुस्तकाचे पान उलटावे लागते. पान उलटताना माणूस जांभई देतो आणि पुस्तक मिटतो. मोबाइलला पानच नाही. मिटायचे कुठे?

गेल्या वर्षी ज्येष्ठात आमची गाय व्यायला झाली होती. दिवस भरले होते. त्या रात्री कारभारीण म्हणाली, "मी जागते." आम्ही म्हणालो, "तू दिवसभर दमलीस, झोप. मी आहे." पडवीत खाट टाकली. गोठा दहा पावलांवर. उशाशी मोबाइल. दर दोन तासांनी उठायचे ठरवले होते. साडेदहाला एकदा पाहून आलो. गाय शांत होती. मग मोबाइल हातात घेतला. दीड वाजेपर्यंत तो हातातच होता. दीडनंतर जी झोप लागली, ती मेल्यासारखी. गजर वाजला असणार. आम्ही तो झोपेतच बंद केला असणार. आठवत नाही.

पहाटे कारभारीण बादली घेऊन गोठ्यात गेली आणि तिने हाक मारली. गाय व्याली होती. कालवड होती. चांगली अंगापिंडाने भरलेली. पण नाकातोंडावर पापुद्रा तसाच राहिला होता. गुदमरून गेली. जनावरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "त्या वेळी कोणी नुसतं नाक पुसलं असतं, तरी जगली असती." गाय दोन दिवस तिला चाटायला शोधत होती. कारभारीण आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही या गोष्टीचा शोध घेतला. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण जे वाचून समजले, ते सांगतो.

आपल्या अंगात एक घड्याळ असते. ते मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला असते. त्याला किल्ली द्यायचे काम उजेड करतो. अंधार पडला की मेंदू अंगात एक रस सोडतो. त्याचे नाव मेलाटोनिन. तो अंगाला सांगतो, रात्र झाली. पहाटेचा उजेड डोळ्यांत शिरला की हा रस आटतो आणि अंग जागे होते. पिकलेल्या फळावर चिलटे असतात ना, त्यांच्या अंगातही असेच घड्याळ असते. ते कसे चालते, हे अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी त्या चिलटांवरूनच शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चिलटांबद्दल नोबेल! आम्ही तर आयुष्यभर ती नुसती हाकलली.

आपल्या डोंगरातली लेणी पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांचे तोंड पश्चिमेला आहे. आपल्या बेडशाच्या लेण्याचे तोंड पूर्वेला. सकाळी लवकर पायऱ्या चढून गेलात, तर कोवळे ऊन थेट खांबांवर पडलेले दिसते. तिथे राहणाऱ्या भिक्षूंना उठवायला गजर लागत नसेल, असे आम्हाला वाटते. आणि रात्री जागायला तेलाच्या दिव्यापलीकडे काही नव्हते.

आता रात्री अकरा वाजता आपण पांढराशुभ्र उजेड डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो. मेंदूतले घड्याळ गोंधळते. अजून दिवस आहे, असे त्याला वाटते. अमेरिकेत बारा जणांवर याचा प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ती माणसे पाच रात्री झोपण्यापूर्वी उजेडाच्या पडद्यावर वाचत आणि पाच रात्री कागदी पुस्तक वाचत. पडद्यावर वाचले त्या रात्री अंगातला तो रस कमी झाला आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली.

दहाच मिनिटे? आम्हालाही तसेच वाटले. म्हणून सगळा दोष उजेडाच्या माथी मारू नये. पडदा पिवळा करा म्हणजे झाले, असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकून स्वस्थ बसू नका. उजेडाने दहा मिनिटे गेली असतील. उरलेले तीन तास आमचे आम्ही घालवले. भांडणाची बातमी पाहिली की डोके तापते. विनोद पाहिला की आणखी एक पाहावासा वाटतो. तापलेल्या डोक्याला झोप कशी यावी?

मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. रोजच्या रोज ती तुटली की काय होते? लक्ष राहत नाही. चिडचीड वाढते. रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन कामशेतला जातात, कोणी पहिली लोकल धरतात. मोटारसायकलवर एका क्षणाची डुलकी पुरते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२२ साली एक गोष्ट ठरवली. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजायचा. भोंगा झाला की दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. त्यांचा हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, झोपेचा नव्हता. पण आम्हाला आवडले ते हे, की मुलांसाठी मोठ्यांनीही मोबाइल ठेवून द्यायचा होता. आपण खाटेवर पडून बोट फिरवीत राहायचे आणि नातवाला म्हणायचे, "ठेव तो मोबाइल!" तो का ऐकेल?

आमच्या घरी आता नऊ वाजता मोबाइल दाराजवळच्या कोनाड्यात जातात. बंद करीत नाही. आवाज मोठा ठेवतो. मुलगा पाळीवर असतो, कोणी आजारी पडते, रात्री १०८ ला फोन करावा लागतो. तेव्हा वाजला तर ऐकू आला पाहिजे. पण हाताला लागता कामा नये. गजरासाठी जुने किल्लीचे घड्याळ काढले. पहिले आठ दिवस वाईट गेले. हात आपोआप उशीखाली जायचा. नातीला त्याचे भारी हसू यायचे.

कंपनीत रात्रपाळी करणाऱ्यांना रात्रीची झोप नशिबी नाही. त्यांनी सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड गोधडी लावून अंधार करावा. आणि त्यांचा मोबाइल तेवढा वेळ घरच्यांनी सांभाळावा.

हे आम्ही मागे एकदा बायकांपुढे बोललो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पहाटे पाचपास्नं चुलीपुढं आणि रानात असते मी. समदी झोपल्यावर एक तास मोबाइल बघते. तेवढाच माझा. तोबी काढून घेता?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन विचार केला. मावशींचे खरे होते. त्यांचा तास काढून घ्यायचा तर तो त्यांना दिवसाउजेडी दिला पाहिजे. संध्याकाळचे पाणी पुरुषाने भरावे, भांडी मुलाने घासावीत. मावशी आज इथे बसल्या आहेत. त्यांचे कारभारीही बसले आहेत. ते खाली पाहत आहेत. पाहू द्या.

आमची गाय पुन्हा गाभण आहे. आज-उद्या व्यायची आहे. म्हणून वर्ग लवकर सोडतो. आज आम्ही आणि कारभारीण दोघे आळीपाळीने गोठ्यात जागणार. मोबाइल कोनाड्यात राहील. बॅटरी तेवढी बरोबर नेऊ. तुमच्यापैकी कुणाकडे जुने स्वच्छ फडके असेल, तर जाता जाता देऊन जा.