वैद्यावाचून वैद्यकी



तापीतीरी बऱ्हाणपुरास १६३१ साली मुमताज महल बाळंतपणात निवर्तली. बादशहाची बेगम ती. हकिमांची वाण नव्हती. तिचे चौदावे अपत्य मात्र जगले. त्याच मुलखातील, सातपुड्याच्या पाड्यांवरची कित्येक कोरकू, बारेला अर्भके पुढेही पहिला महिना न ओलांडता गेली. डॉक्टर कोसगणती दूर.

अशा ठिकाणी उपचार कोणाच्या हातून पोचावा? उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांस अर्भकाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून सुई टोचणेही शिकविले. डॉक्टरावाचून सुई! नाके मुरडली गेली असल्यास नवल नाही. तथापि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात-मृत्यूंत ६२ टक्के घट.

२०११ पासून तीच गृहभेटींची पद्धत आशा कार्यकर्तीकडे देशभर आली. ४२ दिवसांत सहा-सात भेटी. सुई मात्र सरसकट तिच्या हाती दिली गेली नाही. तिला सरकारी कर्मचारी न मानता ‘स्वयंसेविका’ म्हणतात, ही काटकसर सरकारला शोभणारी नव्हे. पाड्यावर अर्भकाचा श्वास मोजावयास जाते ती तीच.