अर्धी भाकरी

अब्बा सत्तरीत ताटात अर्धी भाकरी ठेवून उठत. 'अन्न टाकू नका,' म्हणून मी चिडायचो. पुढे माझी पन्नाशी उलटली, पोट सुटले. तेव्हा मीच म्हणू लागलो, 'वय झालं, आता अन्न जळत नाही.'

मित्रहो, २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने मला दोन्हीकडे खोटे ठरवले. २९ देशांतील ६,४२१ माणसे. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत. शरीराचे आकारमान जमेस धरले, तर वर्षाच्या बाळाचा ऊर्जाखर्च प्रौढाच्या दीडपट. विशीपर्यंत तो उतरतो आणि वीस ते साठ जवळजवळ स्थिर राहतो. बाईचा असो वा पुरुषाचा. साठीनंतर मात्र दरवर्षी सुमारे ०.७ टक्के घटतो, आणि तोही नुसते स्नायू झिजले म्हणून नव्हे.

टांझानियातील हाडझा लोक शिकार, कंदमुळांसाठी रोज मैलोन् मैल चालतात. तरी शरीराच्या मानाने त्यांचा दिवसाचा खर्च अमेरिकेतल्या माणसाएवढाच, असे २०१२ साली दिसले होते.

म्हणजे माझ्या पोटाला वय जबाबदार नव्हते, माझे ताट होते. अब्बांचे शरीर मात्र खरा हिशेब सांगत होते. त्यांची माफी मागायची राहून गेली.