करड्या कठड्याला पुन्हा रंग

पावसाळा सरला की कोकणातल्या पडवीचा सागवानी कठडा करडा दिसू लागतो. घाबरू नका, बहुतेकदा लाकूड आतून शाबूत असतं. उन्हानं लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन वरच्या थरात तुटतं आणि पाऊस ते धुऊन नेतो, एवढंच. आधी टोचा मारून पाहा. सहज रुतला तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. बाकीचा कठडा ब्रशनं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. मग पॉलिश पेपर, आधी 80 नंबरचा, नंतर 120चा. घासायचं ते रेषांच्या दिशेनंच. आडवे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, जास्तीचं पुसून काढा. आणि कळकळीनं सांगते, तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेटू शकतं. बाहेर, दोरीवर पसरून वाळवा.