सॅकव्हिल पॅरिश : भरतीच्या हाती न दिलेली भूमी



कॅनडात येऊन आपण ज्या शहरांत स्थिरावलो त्यांचा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. परंतु ज्या ग्रामीण मुलखातून आपण महामार्गाने भरधाव निघून जातो, त्याचा जमिनीशी, पाण्याशी आणि सरकारी दप्तराशी जडलेला वृत्तान्त आपण क्वचितच कोणाला विचारतो. म्हणून आज मी न्यू ब्रन्सविक प्रांतातील वेस्टमोरलंड परगण्यामधल्या सॅकव्हिल या एकाच पॅरिशविषयी बोलणार आहे. येथे पॅरिश म्हणजे चर्चचा प्रभाग नव्हे. परगण्याच्या पोटातील तो एक मुलकी विभाग असून, नोव्हा स्कोशियापासून १७८४ मध्ये वेगळ्या झालेल्या या प्रांताने १७८६ मध्ये कायदा करून अशा विभागांच्या सरहद्दी ठरविल्या.

न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया यांना जोडणारी चिग्नेक्टोची संयोगभूमी अत्यंत चिंचोळी आहे, आणि तिच्या न्यू ब्रन्सविककडील अंगाला, फंडीच्या उपसागराच्या अगदी शिरोभागी, ही पॅरिश वसलेली आहे. तेथील भरतीओहोटीतील अंतर दहा मीटरांहून अधिक असते. टँट्रामार नदी ओहोटीच्या वेळी तांबूस चिखलाच्या दोन चकचकीत उतरणींमधली बारीक धार होऊन राहते, आणि काही तासांतच समुद्र त्याच पात्रातून उलटा वर चढून काठोकाठ भरतो. या पाण्याबरोबर येणारा लाल गाळ सहस्रावधी वर्षे थरावर थर साचत गेला व त्यातून टँट्रामारची विस्तीर्ण दलदल निर्माण झाली. मिगमाव लोकांचा हा मूळ प्रदेश. मासे, पाणपक्षी आणि होड्या खांद्यावरून एका समुद्राकडून दुसऱ्याकडे नेण्याच्या वाटा यांमुळे त्यांच्या संचारात या संयोगभूमीला मोठे महत्त्व होते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच भाषक अकेडियन शेतकरी येथे आले आणि त्यांनी रान तोडण्याऐवजी समुद्राला मागे सारण्याचे काम अंगावर घेतले. त्यांची रीत नीट समजून घेण्याजोगी आहे. अरुंद पात्याच्या खास कुदळीने खाऱ्या गवताची, मुळ्यांनी घट्ट विणलेली ढेपळे कापून ती विटांप्रमाणे एकावर एक रचायची, गवताची बाजू बाहेर ठेवायची आणि असा बांध नदीच्या काठाने दूरवर नेत राहायचे. जेथे ओढा आडवा येई तेथे बांधाच्या तळाशी लाकडी मोरी बसवून तिला बिजागरीवर झुलणारी झडप लावायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्या झडपेला ढकलून बाहेर पडे आणि भरती येताच समुद्राचेच पाणी तिला दाबून मिटवी. या मोरीला ते आबोइतो म्हणत. बांध पुरा झाल्यावर दोन-तीन वर्षे पावसाने जमिनीतले मीठ धुवून नेण्याची वाट पाहावी लागे. त्यानंतर मात्र तीच जमीन, खताचा कण न घालता, पिढ्यान्‌पिढ्या गहू आणि गवत देत राही.

श्रोत्यांत अलिबाग-पेणकडची मंडळी असतील, गोव्याचीही असतील. त्यांना हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. कोकणातील खारबंदिस्तीच्या उघाड्या आणि गोव्याच्या खाजन शेतीतील मानस यांचे तत्त्व हेच आहे. परस्परांची गंधवार्ता नसलेल्या लोकांनी एकाच तऱ्हेच्या संकटावर एकच तोड काढावी, आणि दोन्हीकडे ती एकट्या कुटुंबाच्या नव्हे तर सबंध गावाच्या श्रमावर उभी राहावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण बांधाला एका शेतकऱ्याच्या हद्दीत खांड गेली तर पाणी साऱ्यांच्याच शिवारात शिरते.

पुढचा भाग दुःखद आहे. इंग्रज व फ्रेंच सत्तांची सरहद्द याच दलदलीत येऊन भिडली. फ्रेंचांनी १७५१ मध्ये जवळच्या टेकाडावर ब्युसेजूरचा किल्ला बांधण्यास घेतला. जून १७५५ मध्ये इंग्रज सेनानी रॉबर्ट मॉंक्टन याने तो जिंकला आणि ऑगस्टमध्ये, सरकारी हुकूम ऐकविण्याच्या निमित्ताने आसपासच्या गावांतील अकेडियन पुरुषांना त्याच किल्ल्यात बोलावून सुमारे ४०० जणांना कैद केले. कुटुंबे जहाजांत घालून दूरच्या वसाहतींत पाठविण्यात आली, घरेदारे जाळण्यात आली. काहींनी शस्त्र धरले होते हे खरे. तरीही ज्यांनी ही भूमी अक्षरशः हातांनी घडविली त्यांना सरसकट उपटून फेकणे हा घोर अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या पश्चात १७५९ च्या वादळात फंडीकाठचे बांध जागोजाग फुटले; तेव्हा नव्या इंग्रजी वसाहतवाल्यांना बांध घालण्याची विद्या अवगत नसल्याने अधिकाऱ्यांना अकेडियन कैद्यांकडूनच ते दुरुस्त करून घ्यावे लागले.

रिकाम्या झालेल्या या मुलखात आधी न्यू इंग्लंडचे लोक आले. त्यांत १७६३ मध्ये आलेला बॅप्टिस्टांचा एक जथा होता. १७७२ पासून तीन-चार वर्षांत यॉर्कशरमधील शेतकरी कुटुंबे आली. ती मेथडिस्ट पंथाची, कष्टाळू आणि टिकून राहणारी होती. याच वस्तीवर १७८६ ची पॅरिश बसविली गेली. तिचा कारभार साधा होता : रस्त्यांवर देखरेख करणारा, गोरगरिबांची तजवीज लावणारा, कुंपणांच्या तंट्यांत पाहणी करून निवाडा देणारा, मोकाट गुरांसाठी कोंडवाडा सांभाळणारा, असे कामगार गावातल्याच रहिवाशांतून नेमले जात. बांधांसाठी स्वतंत्र आयुक्त असत आणि ते जमीनधारकांवर क्षेत्राच्या प्रमाणात दुरुस्तीचा खर्च बसवीत.

या व्यवस्थेची कसोटी ४ ऑक्टोबर १८६९ च्या रात्री लागली. सॅक्सबी नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याने चंद्राच्या स्थितीवरून जवळपास वर्षभर आधी त्या सुमाराला असाधारण भरती येईल असे लिहून ठेवले होते. नेमक्या त्याच रात्री चक्रीवादळ आले, बांधांवरून पाणी लोटले, आणि गुरे व गवताच्या गंज्या वाहून गेल्या. त्यानंतरही बांध पुन्हा उभे राहिले. घोड्यांच्या युगात येथील गवताला शहरांतून व लाकूडतोडीच्या छावण्यांतून सतत मागणी होती, आणि दलदलीवर गवताच्या शेकडो कोठ्या दिसत. मोटारी आल्या तशी ती मागणी आटली, बांध दुर्लक्षित झाले, आणि १९४८ मध्ये केंद्र सरकारला कायदा करून त्यांची डागडुजी हाती घ्यावी लागली. माउंट अ‍ॅलिसन विद्यापीठही याच पॅरिशमध्ये वाढले. तेथे १८७५ मध्ये ग्रेस अ‍ॅनी लॉकहार्ट हिला मिळालेली पदवी ही ब्रिटिश साम्राज्यात स्त्रीला मिळालेली पहिली बॅचलर पदवी होय.

पॅरिशचा अंमल मात्र ओसरत गेला. सॅकव्हिल गावाला १९०३ मध्ये नगरपालिका मिळाली. लुई रोबिशो यांच्या प्रांतिक सरकारने १९६७ च्या आरंभी परगण्यांची मंडळे बरखास्त केली. २०२३ मध्ये नव्या पुनर्रचनेत सॅकव्हिल व शेजारचे डॉरचेस्टर मिळून टँट्रामार ही नगरपालिका झाली. आज पॅरिशला ना सभा आहे, ना कर, ना कामगार. ती जमिनीच्या दस्तऐवजांत व जनगणनेच्या तक्त्यांत नांदते आहे. बांधांची गरज मात्र वाढली आहे. दोन प्रांतांमधला लोहमार्ग आणि महामार्ग याच सखल पट्टीवरून जातात, समुद्राची पातळी चढते आहे, आणि बांध उंच करण्याच्या कामाचा खर्च केंद्राने व दोन्ही प्रांतांनी वाटून घेण्याचे २०२५ मध्ये ठरले आहे.

माझ्या आपणांकडे दोन मागण्या आहेत. हॅलिफॅक्सकडे जाताना ऑलॅकपाशी महामार्ग सोडा, ब्युसेजूरच्या तटबंदीवर उभे राहून ती दलदल डोळे भरून पाहा आणि मग खाली उतरून एखादा बांध पायी चाला. आणि ज्यांच्या घरी कोकणात वा गोव्यात खारजमीन होती त्यांनी बांध कोण घाली, खर्च कसा वाटला जाई, खांड पडली की गाव कसे धावे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे व आपल्या मंडळाच्या अंकासाठी द्यावे. विचारण्याजोगी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.