ब्रिज चुकला नव्हता

श्रोतेहो, जुनं हिंदी गाणं रेडिओवर लागलं की आपण आवाज ओळखतो, सतार ओळखतो, बासरी ओळखतो. ढोलक तर पायच ओळखतात. पण त्या सगळ्यांच्या खाली एक जाड, गोल आवाज चालत असतो. तो थांबला तर गाणं एकदम पोकळ वाटतं, आणि चालू असताना मात्र त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो आवाज बऱ्याचदा बास गिटारचा असतो. पंचमदांच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवत. गाणी घरोघरी पोहोचली, वाजवणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक.

गंमत अशी की घरातल्या लहान ट्रान्झिस्टरवर हा आवाज खरं तर पुरता येतच नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तळहाताएवढ्या स्पीकरला तेवढा खालचा सूर काढणं झेपत नाही. तो फक्त त्या सुराचे वरचे अंश ऐकवतो आणि मूळ सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे आपण वर्षानुवर्षं जो खर्ज ऐकत आलो, त्यातला काही भाग आपणच घातलेला आहे!

मी कॉलेजात असताना हे वाद्य थोडंफार वाजवत होतो, तेही मित्राचं. पुढे बँकेत नोकरी लागली, संसार झाला आणि ते मागे पडलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवू लागले. नवं घ्यावं की जुनं, या विचारात असताना एका स्नेह्यांनी सांगितलं, "नारायण पेठेत एक काका आहेत. पूर्वी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. त्यांचं वाद्य द्यायचं आहे. हातानं केलेलं आहे."

हातानं केलेलं म्हणजे काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडदे असलेली विजेवरची बास गिटार बाजारात आणली. त्याआधी खर्जासाठी माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, उभं डबल बास लागायचं. फेंडरचं वाद्य गळ्यात अडकवून फिरता येत होतं, त्यामुळे ते जगभर पसरलं. पण आपल्याकडे १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाने आणि भरमसाट आयातकर. ऑर्केस्ट्रात एका कार्यक्रमाचे जेमतेम पैसे मिळवणाऱ्या वादकाला ते परवडणार कुठून? मग कुणाकडे तरी आलेली परदेशी गिटार बघायची, मापं घ्यायची आणि ओळखीच्या सुताराकडून तसंच वाद्य करून घ्यायचं, हा मार्ग होता. काकांनी तेच केलं होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणलं आणि कपाटं-पलंग करणाऱ्या एका मिस्त्रींकडून १९७८ साली गिटार करून घेतली.

मी बघायला गेलो तेव्हा ती पलंगाखालून निघाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. अंग सागवानी, दांडीवरची पट्टी शिसवी, वजन पाच किलोच्या आसपास. जिथे अंगठा टेकतो तिथलं पॉलिश जाऊन लाकूड उघडं पडलेलं. चार तारांपैकी तीनच शिल्लक होत्या, त्याही गंजलेल्या.

जुनं तंतुवाद्य घेताना काय बघावं, हे मी वाचून गेलो होतो. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिला पीळ पडला आहे का ते पाहायचं. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मध्ये किती फट राहते ते पाहायचं. एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर दांडी ठीक. प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून कुठे झणझणतो का ते ऐकायचं. आणि वाद्य कुठून आलं, हेही निःसंकोच विचारायचं. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली बास गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. ती एका घराच्या माळ्यावर सापडून त्यांना परत मिळाल्याची बातमी २०२४ साली आली, म्हणजे ५० वर्षांहून अधिक काळानं. जुन्या वाद्याचा मागचा मालक कोण, हा प्रश्न त्यामुळे अगदीच अनाठायी नाही. इथे तर मूळ मालकच समोर बसले होते.

मी टेपही नेली होती. बास गिटारच्या तारेची बोलती लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीपासून ब्रिजपर्यंतचं अंतर, साधारणपणे ३४ इंच असतं. मिलिमीटरमध्ये सुमारे ८६४. मी मोजलं तर बारीक तारेच्या बाजूला भरलं ८५९. शिवाय ब्रिजची पितळी पट्टी किंचित तिरकी होती. जाड तारेच्या बाजूला ती तीनेक मिलिमीटर मागे सरकलेली. मला आयतंच कारण मिळालं.

"काका, ब्रिज चुकीचा बसवलाय हो," मी म्हटलं. "मापातही नाही आणि सरळही नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणता?" एवढंच म्हणाले.

ते आठ हजार म्हणत होते. त्या ब्रिजच्या जोरावर मी साडेपाचला सौदा केला आणि रिक्षानं घरी आलो. बायकोला सांगितलं, "अडीच हजार वाचवले."

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिले आठ दिवस फार आनंदात गेले. आधी नुसती सफाई. ओलसर फडक्यानं मळ काढला, शिसवी पट्टीला हलकासा तेलाचा हात दिला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, तिथे फवारा मारून आतली धूळ काढली. एक डाक सुटला होता, तो पुन्हा दिला. तारेखाली जो पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, तो मात्र ठणठणीत होता. पोलादी तार त्याच्यावर थरथरली की वेढ्यांमध्ये इवलीशी वीज तयार होते आणि तीच पुढे मोठी करून आपण ऐकतो.

चार नव्या तारा चढवल्या. या चार तारा मिळून दांडीला ७० किलोहून अधिक जोरानं ओढतात. एखादा धट्टाकट्टा माणूस रात्रंदिवस लोंबकळत असावा, तसं. ती ओढ सांभाळायला दांडीच्या आत लोखंडी सळई असते आणि तिच्या टोकाला नट. मिस्त्रींनी तीही व्यवस्थित घातली होती. हा नट एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि एक दिवस थांबायचं. लाकडाला घाई चालत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

इथेच थांबलो असतो तर हे भाषण द्यायची वेळ आली नसती. पण तो ब्रिज डोळ्यांत सलत होता. एका रविवारी मी तो काढला. जुनी भोकं सागवानी काड्या आणि सरस घालून बुजवली, गुण्या लावून काटकोनात रेघ मारली, बरोबर ८६४ मिलिमीटरवर नवी भोकं पाडली आणि ब्रिज बसवला. दिसायला अगदी झकास झालं.

तारा लावल्या, सुरात आणल्या आणि वाजवायला बसलो. मोकळी तार सुरात. पहिले दोन-तीन पडदे ठीक. पण जसजसा हात वर सरकेल तसतसा सूर उतरायला लागला. बारावा पडदा म्हणजे बरोबर वरचा सा यायला हवा. तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं तर तो स्वच्छ येतो. पण पडद्यावर दाबलं की त्याहून किंचित खाली. फरक थोडा, पण एकदा कानाला कळला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. मी तारांना दोष दिला, दुसऱ्या आणल्या. दांडीला दोष दिला, सळई पुन्हा फिरवली. पंधरा दिवस घालवले. शेवटी वाद्य उचलून दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो.

तिथले कारागीर वयस्कर होते. त्यांनी तार छेडली नाही की काही नाही. पट्टी घेतली आणि पहिल्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं. ४८ मिलिमीटर. मग बाराव्यापर्यंतचं मोजलं. ४२९.

"अठराचा हिशेब," ते म्हणाले. "आणि ब्रिज कुणी हलवला?"

हा अठराचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पडदे बसवताना पूर्ण लांबीचे अठरा भाग करायचे आणि एका भागावर पहिला पडदा ठोकायचा. ८६४ भागिले १८, म्हणजे ४८. उरलेल्या ८१६चे पुन्हा अठरा भाग, त्यातल्या एकावर दुसरा. असं करत जायचं. ही रीत फार जुनी आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई हे संगीतज्ञ होते. त्यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात ल्यूट नावाच्या वाद्यासाठी १८ला १७ हेच प्रमाण सांगितलं होतं. सुताराला ही रीत सोयीची, कारण भागाकार सोपा. पण काटेकोर हिशेबात १८च्या जागी १७.८१७ हा आकडा हवा. फरक नगण्य वाटतो, पण बारा वेळा साचत जातो. बारावा पडदा ४३२वर, म्हणजे बरोबर मध्यावर पडायला हवा, तो ४२९वर पडतो.

मग यावर उपाय? पडदे हलवता येत नाहीत, ब्रिज हलवता येतो. तो थोडा पुढे घेतला की तारेचा मध्य पुन्हा बाराव्या पडद्यापाशी येतो. ४२९ दुणे ८५८. तार दाबताना ती ताणली जाऊन सूर जरा चढतो, त्यासाठी एखादा मिलिमीटर मागे. झाले ८५९. जाड तारेला ही सूट थोडी अधिक लागते, म्हणून त्या बाजूला ब्रिज आणखी मागे, म्हणजे तिरका. श्रोतेहो, ते वाद्य जसं होतं तसं अगदी बरोबर होतं. माझ्या टेपला माप ठाऊक होतं, त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं.

कारागिरांनी ब्रिज परत मूळ जागी बसवून दिला. माझी भोकं त्यांनी बुजवली, पण ती दिसतात. "रंग लावून झाकू का?" म्हणाले. मी नको म्हटलं.

घरी आल्यावर ते अडीच हजार मला गप्प बसू देईनात. ज्या दोषापोटी मी ते कापून घेतले होते, तो दोष नव्हताच. दुसऱ्या दिवशी वाद्य आणि पैसे घेऊन नारायण पेठेत गेलो. काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, "अहो, राहू द्या." तसं काही झालं नाही. त्यांनी चष्मा लावला, पैसे मोजले आणि टेबलाच्या खणात ठेवले. मग म्हणाले, "गणपतीच्या आधी आठ दिवस. मिस्त्री आणि मी, रात्री दोनपर्यंत. शेजारी पेटी ठेवून एकेक सूर लावला, ब्रिज केसाकेसानं सरकवला आणि मग स्क्रू पिळले. तिरका का आहे हे तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंत."

यावर मला काही बोलता आलं नाही. चहा आला.

काकांना आता कमी ऐकू येतं. दारावरची बेल ऐकू येत नाही, नातवंडांचं बोलणं नीट कळत नाही. उतारवयात बहुधा आधी वरचे सूर जातात, खालचे त्या मानानं टिकतात. मी गिटार त्यांच्या मांडीवर दिली. त्यांचा अंगठा त्या उघड्या लाकडावर आपोआप जाऊन बसला. त्यांनी जाड तार छेडली, मग बाराव्या पडद्यावर दाबून पुन्हा छेडली आणि डावा कान लाकडाजवळ नेऊन ऐकत राहिले.

"आहे तिथेच आहे," ते म्हणाले.

कारागिरांनी जाताना मला एक गोष्ट सांगितली होती, ती तुम्हालाही सांगतो. जुनी वस्तू हातात आली की पहिला महिना तिच्यातलं काहीही बदलायचं नाही. सगळी मापं वहीत लिहून ठेवायची, आणि जे विचित्र दिसेल त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचं. करणारा किंवा वापरणारा माणूस हयात असेल तर वही घेऊन त्याच्याकडे जायचं. माझी वही मी आता केली आहे. काकांकडे दर गुरुवारी जातो. गेल्या खेपेला दांडीच्या मागच्या एका खाचेबद्दल विचारलं. त्याची गोष्ट सांगायला त्यांना पाऊण तास लागला.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)