हौशी वैमानिकांचे अपघात

हौशी उड्डाणासाठी वापरली जाणारी विमाने बहुधा दोन किंवा चार आसनांची आणि एका इंजिनाची असतात. सेसना 172 हे जगात सर्वांत जास्त संख्येने बांधले गेलेले विमान याच जातीचे. माणसे, सामान आणि इंधन धरून त्याचे वजन अकराशे किलोच्या आसपास भरते. प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात आणि जमिनीवर हवामान पाहणारी, इंधनाचा हिशेब मांडणारी, यंत्र तपासणारी माणसे वेगळी असतात. रविवारी सकाळी क्लबचे विमान घेऊन तासभर फिरून येणाऱ्या हौशी माणसाला हे सगळे एकट्यालाच निभवावे लागते. निघायचे की नाही हेही तोच ठरवतो. ‘आज नको’ असे म्हणणारे शेजारी सहसा कोणी नसते. हौशी उड्डाणातल्या बऱ्याच अपघातांचा माग काढत गेले, की तो याच ठिकाणी येऊन पोहोचतो.

सुरुवातीच्या काळात खरी भीती इंजिनाची होती. 1930 साली आगाखानांनी जाहीर केलेल्या बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे एकेकटे निघाले होते. वाटेत इजिप्तमधल्या अबूकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला आणि शर्यत इंजिनिअर यांनी जिंकली. असा उमदेपणा आज दुर्मीळ झाला आहे, पण प्लगसाठी अडून बसण्याची वेळही क्वचितच येते. इंजिने पुष्कळ भरवशाची झाली. आता यंत्र हवेत मोडल्यामुळे होणाऱ्या अपघातांपेक्षा विमान ठाकठीक असताना माणसाच्या हातून होणारे अपघात जास्त आहेत.

अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा 12 ऑक्टोबर 1997 रोजी झालेला अपघात या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. डेन्व्हर नवशिके नव्हते. अडीच हजार तासांहून अधिक उड्डाण त्यांच्या गाठीशी होते. मात्र त्यांनी नुकतेच विकत घेतलेले लाँग-ईझी हे विमान त्यांना नवे होते. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून हौशी लोक हे विमान घरी बांधतात. त्याचे इंजिन मागे असते आणि दोन्ही बाजूंना एकेक इंधनाची टाकी असते. एका टाकीतले इंधन संपले की एक मूठ फिरवून दुसरी टाकी चालू करायची. मूळ आराखड्यात ही मूठ वैमानिकाच्या पुढ्यात, सहज हात पोहोचेल अशी होती. हे विमान बांधणाऱ्याला मात्र बसायच्या जागेत इंधनाची नळी नको होती, म्हणून त्याने मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. हेतू सुरक्षिततेचाच होता. मुठीवर खुणा नव्हत्या. टाकीतले इंधन दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या आणि त्यांच्यावरही आकडे नव्हते.

आदल्या दिवशी डेन्व्हर यांना या विमानाची अर्ध्या तासाची ओळख करून देण्यात आली होती. अपघाताच्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या माँटरे विमानतळावर त्यांचे एका तंत्रज्ञाशी या मुठीबद्दल बोलणेही झाले. ती हाताला येत नाही आणि फिरायला जड जाते, हे दोघांनाही दिसत होते. मुठीला पक्कड लावून ती लांब करता येते का, हेही करून पाहिले गेले, पण ते जमले नाही. गरज पडली तर विमान ऑटोपायलटवर ठेवून मूठ फिरवू, असे ठरले. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने आरसा दिला. इंधन भरून घेण्याविषयी विचारले असता, तासभरच फिरायचे आहे म्हणून डेन्व्हर यांनी नको म्हटले. तीन वेळा धावपट्टीवर उतरून पुन्हा उड्डाण केल्यावर ते समुद्राकडे गेले आणि जेमतेम पाचशे फुटांवरून विमान पाण्यात कोसळले.

तपास करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून पाहिले. मूठ गाठायची तर खांद्याचा पट्टा सैल करावा लागे, अंग डावीकडे पूर्ण वळवावे लागे आणि उजवा हात मागे न्यावा लागे. असे वळताना तोल सावरण्यासाठी उजवा पाय आपोआप पुढे रेटला जाई, आणि त्या पायाखाली विमानाचे नाक बाजूला वळवणाऱ्या रडरचे पेडल होते. इतक्या कमी उंचीवर सावरायला वेळ नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाचे लक्ष विचलित होणे आणि नकळत दाबले गेलेले पेडल, ही अपघाताची कारणे ठरवली. इंधन न भरणे, मुठीची गैरसोयीची जागा, खुणा नसलेल्या काचा आणि अपुरी ओळख यांचीही अहवालात स्पष्ट नोंद आहे. यातली एकही गोष्ट हवेत उद्भवलेली नव्हती, सगळ्या जमिनीवर असतानाच माहीत होत्या. इंधन भरून घेतले असते, तर त्या दिवशी मुठीला हात लावायची वेळच बहुधा आली नसती.

इंधनाच्या बाबतीत जुने शिक्षक म्हणूनच काट्यावर विश्वास ठेवू देत नाहीत. टाकीचे झाकण उघडायचे, मोजपट्टी बुडवायची आणि डोळ्यांनी पाहायचे. मुक्कामी पोहोचून वर दिवसा किमान अर्धा तास आणि रात्री पाऊण तास पुरेल इतके इंधन हवे, असा अमेरिकेतला नियम आहे. तो किमान आहे हे विसरले जाते.

दुसरा मोठा घातक प्रकार म्हणजे ढगात किंवा धुरकट अंधारात दिशाभान जाणे. माणसाला तोल कळतो तो डोळ्यांमुळे आणि अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमुळे. त्या नलिकांमधला द्रव वळणे सुरू झाले की हलतो. तेच वळण एका गतीने पंधरा-वीस सेकंद चालू राहिले की द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. मग विमान खरोखर सरळ केले, तर उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. क्षितिज दिसत असेल तर डोळे हा भास खोडून काढतात. ते दिसेनासे झाले की वैमानिक विमान पुन्हा त्याच वळणात नेतो. उंची घटताना दिसते म्हणून दांडी मागे ओढतो, त्याने वळण आणखी आवळते आणि विमान गोल गोल फिरत खाली जाते.

1954 साली इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग केला. ढगात शिरल्यासारखी स्थिती निर्माण केल्यावर सगळ्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ होती 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. हा आकडा पुढे जगभरच्या फ्लाइंग क्लबांच्या भिंतींवर लागला. मूळ प्रयोगाचा उद्देश मात्र मागे पडला. तो उद्देश होता, अशा माणसांना अर्धे वर्तुळ वळून आल्या वाटेने बाहेर पडायला शिकवणे. थोड्या सरावानंतर हीच माणसे जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर पडू लागली. भिंतीवर लावायचेच तर हे लावायला हवे होते.

16 जुलै 1999 च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. बरोबर पत्नी आणि मेहुणी होती. त्यांच्याजवळ सुमारे तीनशे तासांचा अनुभव होता, पण केवळ उपकरणांवर विमान नेण्याचा परवाना नव्हता. त्या रात्री हवा धुरकट होती, खाली समुद्र काळा होता आणि किनारा सोडल्यावर दिवे दिसेनासे झाले. कायद्याने हे उड्डाण चालण्यासारखे होते. त्याच परिसरात उडालेल्या इतर वैमानिकांनी मात्र क्षितिज दिसत नव्हते असे नंतर सांगितले. बेट जवळ आले असताना विमान उजवीकडे वळत मिनिटाला 4,700 फुटांहून अधिक वेगाने खाली गेले. विमानात ऑटोपायलट होता. सोबत येण्याची तयारी एका प्रशिक्षकाने दाखवली होती, ती केनेडी यांनी नाकारली होती. तपासात विमानात कोणताही बिघाड आढळला नाही.

वेळेवर पोहोचायची घाई हेही अपघाताचे मोठे कारण आहे. एप्रिल 1996 मध्ये जेसिका डब्रॉफ या सात वर्षांच्या मुलीला अमेरिका ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक ठरवण्याचा घाट घातला गेला. सोबत वडील आणि प्रशिक्षक होते, आणि वाटेत जागोजागी दूरचित्रवाणीचे कॅमेरे. 11 एप्रिलच्या सकाळी वायोमिंगमधल्या शायेन येथून विमान वादळी पावसात निघाले आणि लगेच कोसळले. तिघेही गेले. विमानात ठरल्यापेक्षा जास्त वजन होते, शिवाय शायेनची धावपट्टी सहा हजार फुटांहून उंचावर आहे. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही घटते. प्रशिक्षकाला अशा उंचीची सवय नव्हती. त्या दिवशी थांबायला कोणतीच अडचण नव्हती, होते ते फक्त वेळापत्रक. असे विक्रम रोखणारा कायदा अमेरिकेने त्याच वर्षी केला.

विरळ हवा फक्त डोंगरावरच मिळते असे नाही. उन्हाने तापलेली हवाही विरळ असते. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला, तर विमानाच्या लेखी ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांच्या पुढची होते. धुळे-बारामतीकडच्या उन्हाळ्यात विमान उडवणाऱ्याला हा हिशेब रोज मांडावा लागतो.

कमी उंचीवरच्या कसरतींबद्दल फार सांगण्याची गरज नाही. 23 जून 1980 रोजी संजय गांधी दिल्ली फ्लाइंग क्लबच्या पिट्स एस-2ए विमानातून दिल्लीवर कसरती करत असताना विमान कोसळले. ते आणि कॅप्टन सुभाष सक्सेना दोघेही मृत्युमुखी पडले. बेसबॉलपटू रॉय हॅलडे 2017 मध्ये फ्लोरिडाजवळ समुद्राला लागून तशाच कसरती करताना गेले. पंख हवेला साधारण पंधरा-सोळा अंशांहून मोठा कोन करू लागला की त्याचा आधार सुटतो, यालाच स्टॉल म्हणतात. तीन हजार फुटांवर स्टॉल झाला तर तो धड्याचा भाग असतो. तीनशे फुटांवर त्यातून निघायला जागा नसते. तीव्र वळणात तर तो नेहमीपेक्षा जास्त वेगावरही होतो. साठ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. धावपट्टीकडे वळताना वळण हुकले म्हणून विमान जोराने कलवणारे याच आकड्यात अडकतात. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, तर मागे न वळता समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरावे, असे शिकवतात तेही यामुळेच.

कार्ब्युरेटरमधला बर्फ हा त्यामानाने गुपचूप येणारा धोका. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान वीस अंशांहूनही अधिक खाली येऊ शकते. त्यामुळे बाहेर पंचवीस अंश आणि भरपूर दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो. कोकण किनाऱ्यावरची पावसाळी हवा त्याला अगदी पोषक. उपाय सोपा आहे, गरम हवेची मूठ ओढायची. पण वितळलेले पाणी आत गेल्याने इंजिन आधी अडखळते. घाबरून नवखा माणूस मूठ परत ढकलतो आणि काम बिघडते.

वाचवणारे साधन हाताशी असले, तरी ते वेळेवर वापरावे लागते. सिरस कंपनीच्या विमानांना अख्खे विमान तोलून धरणारे पॅराशूट असते. 2002 मध्ये टेक्सासमध्ये दुरुस्तीनंतर पंखाचा हलता भाग सुटलेले एक विमान त्याच्या आधाराने उतरले आणि वैमानिक वाचला. तरीही पुढे कित्येक वर्षे पॅराशूट असलेल्या विमानांमधली माणसे ते उघडणारी दांडी न ओढताच दगावत राहिली. ‘बघू, सावरेल’ म्हणत वेळ निघून जाई. दांडी केव्हा ओढायची हे जमिनीवरच ठरवून तिचा सराव करवून घेतला जाऊ लागला, तेव्हा जीवघेण्या अपघातांचे प्रमाण उतरले.

या साऱ्या घटना माहीत आहेत त्या तपास अहवालांमुळे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोषी ठरवणे हा नाही. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची गोष्ट मात्र वैमानिकाने स्वतः सांगितली तरच कळते. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान एका गैरसमजामुळे डोंगरावर आदळून 92 जण मरण पावले. त्याच गैरसमजातून दुसऱ्या कंपनीचे विमान सहा आठवडे आधी थोडक्यात बचावले होते, पण ते त्या कंपनीबाहेर फारसे कोणाला कळले नव्हते. यानंतर 1976 मध्ये गोपनीय निवेदनांची व्यवस्था सुरू झाली. ती चालवण्याचे काम मुद्दाम नासाकडे दिले गेले, कारण शिक्षा करणाऱ्या खात्याला कोणी आपली चूक कळवत नाही. ब्रिटनने 1982 मध्ये तशीच व्यवस्था केली.

भारतात 2012 पासून अपघातांच्या तपासाचे काम विमान अपघात अन्वेषण ब्यूरो पाहतो. इथली बहुतेक हलकी विमाने हौशी माणसांपेक्षा प्रशिक्षण संस्थांकडे आहेत, आणि त्यांच्या अपघातांचे अहवालही ब्यूरो प्रसिद्ध करतो. मुलाला किंवा मुलीला वैमानिकी शिकायला धाडणाऱ्या पालकांनी फी भरण्यापूर्वी त्या संस्थेविषयीचे अहवाल आवर्जून शोधून वाचावेत. विमानांची देखभाल कोण पाहते, हवामान बिघडल्यावर उड्डाण रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हे तीन प्रश्नही संस्थेला समोरासमोर विचारावेत.