नर्स झाली, पुढे काय?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



वसतिगृहातली एखादी मुलगी नर्स झाली, की आपल्याला वाटते, आपली देणगी फळाला आली. ते खरेच आहे. एएनएमला दोन वर्षे, जीएनएमला तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात. तेवढी वर्षे एका मुलीच्या पाठीशी उभे राहणे सोपे नाही. पण आज मला त्यापुढच्या एका पायरीविषयी बोलायचे आहे. मी बारा वर्षे कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करते आहे. या कामात आपल्या डोंगरातल्या मुलींची किती गरज आहे, हे मी रोज पाहते.

नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी आणि सलाईन लावणारी, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅन्सर रुग्णालयात मात्र नर्सची कामे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक काम वेगळे शिकावे लागते.

केमोथेरपीचेच पाहा. काही औषधे शिरेबाहेर झिरपली, तर तिथली कातडी आणि मांस करपते. म्हणून शीर निवडण्यापासून औषध संपेपर्यंत नर्सची नजर त्या हातावर असते. औषधानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या काळात 100.4 अंश ताप आला, तर गोळी घेऊन घरी पडून राहायचे नसते, ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. हे रुग्णाच्या घरच्यांना समजेल असे सांगणे, हेही तिचेच काम.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये कधी कधी शौचाची वाट पोटावर काढावी लागते. त्याला स्टोमा म्हणतात. स्टोमा नर्स शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला लावून पोटावर खूण करते. पिशवी रुग्णाला स्वतःला दिसावी आणि साडीच्या किंवा धोतराच्या गाठीखाली येऊ नये, एवढा विचार त्या एका खुणेमागे असतो.

तिसरे काम तपासणीचे. गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबले, की संशयास्पद भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एवढीच साधी तपासणी केली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

आणि जिथे रोग बरा होणार नाही, तिथे वेदनाशमन करणारी नर्स असते. केरळात अशा नर्स गावोगावी रुग्णाच्या घरी जातात, जखम धुतात, औषधे तपासतात, घरच्यांना धीर देतात. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झाले, ते अशाच रुग्णांसाठी.

मी स्वतः धडगावकडची, घरी पावरी बोलणारी. मागे आमच्याकडे सातपुड्यातली एक बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेत होती. डॉक्टर रोज हिंदीत विचारत, ‘कुछ तकलीफ है?’ ती मान हलवून ‘नाही’ म्हणे. एके दिवशी मी तिच्याजवळ बसून पावरीत बोलले, तेव्हा सगळे बाहेर आले. जुलाब होत होते, लघवीला आग होत होती. ते यंत्र आपल्याला आतून जाळते आहे, असे तिला वाटत होते. पुरुषांना हे कसे सांगावे, म्हणून ती गप्प होती, आणि दुसऱ्या दिवशी गावी निघणार होती. 25 पैकी 11 वेळाच रेडिएशन झाले होते. या कॅन्सरचा सारा उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. मध्ये खंड पडला, की बरे होण्याची आशा कमी होते.

त्रासावर औषध मिळाले. गावच्या आशाताईंमार्फत तिच्या नवऱ्याशी बोलणे झाले. तिने उपचार पुरा केला. यंत्र तेच होते, डॉक्टरही तेच होते. तिची भाषा जाणणारे आणि रोगही जाणणारे माणूस तेवढे जवळ हवे होते.

आता शिक्षणाचे सांगते. नोंदणीकृत नर्सला पुढे ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. ज्यांना शिकवण्याकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग आहे. या कामासाठी मुलीला कायमचे मुंबईतच राहावे लागेल असेही नाही. केंद्र सरकारने 2025-26 च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याचे जाहीर केले आहे. इमारती बांधता येतील, खाटा विकत घेता येतील. तिथे केमो देणारी शिकलेली नर्स मात्र आधी तयार करावी लागते.

आपल्या मुली इथेच अडतात. जीएनएम झाल्यावर घरी पगाराची वाट पाहत असतात. धाकट्या भावाची फी असते, कर्ज असते. अशा वेळी आणखी एक वर्ष शिकणे म्हणजे घरच्यांना वर्षभराची कमाई बुडाल्यासारखे वाटते. कामही सोपे नाही. औषधे हाताळताना स्वतःला जपावे लागते आणि मृत्यू जवळून पाहावा लागतो. तरीही हे काम करायला तयार असलेल्या मुली मला माहीत आहेत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. मुलगी नर्स झाली, की तिचे नाव आपल्या यादीतून खोडू नका. दरवर्षी निदान एका मुलीला त्या एका वर्षाचा राहण्याचा आणि शिक्षणाचा खर्च द्या, आणि तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोला. ती परत येईल तेव्हा धडगावच्या, मोलगीच्या बाईला आपले दुखणे आपल्या भाषेत सांगता येईल.